मार्चमध्ये तयार होता, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुटला: शिकारी जातीच्या कुत्र्याची दरवर्षीची तक्रार

फोन साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. पाऊस संपलेला असतो, ग्वाल्हेरची सकाळ जरा सुसह्य झालेली असते, आणि शहराच्या लष्कर-मुरार भागांतली कुत्रेवाली मंडळी तीन-चार महिन्यांनी पहिल्यांदा गावाबाहेर पडतात. परवा जीवाजीगंजातले एक काका म्हणाले, "अहो, होळीपर्यंत अगदी तयार होता हो. शिट्टी वाजली की बसायचा, डमी हातात आणून द्यायचा. काल तिघरा धरणाच्या रस्त्याला सोडला, झुडपातून एक तितर उडाला आणि हा गेला. पाऊण तासानं आला. गेल्या वर्षीही असंच झालं होतं."

हे लिहितोय ते त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी. एकदा सुटला तर तो अपघात म्हणता येईल. दरवर्षी त्याच सुमारास सुटतो याचा अर्थ शिकवण्यात एक टाका पहिल्यापासून उसवलेला आहे आणि आपण दर वेळी भलत्याच जागी ठिगळ लावतोय.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नवीन मंडळींचा यात गोंधळ होतो. आपल्याकडे शिकार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, आणि त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या बहुतेकांना वाटते त्याहून रुंद आहे. मारणं तर सोडाच, रानातल्या जनावरामागे कुत्रा घालून पळवणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. "पकडत नाही हो, नुसता मागे धावतो" हा बचाव होऊ शकत नाही. घाटीगावकडे सोनचिडियाचं, म्हणजे माळढोकाचं, अभयारण्य आहे, त्या बाजूला कुत्रा घेऊन जाऊच नये. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान एके काळी ग्वाल्हेर संस्थानाचं शिकारीचं रान होतं, 2025 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं. काळ बदलला, पण लॅब्रेडोरच्या, वासानं पक्षी हेरणाऱ्या पॉइंटरच्या, कारवानीच्या रक्तातलं काम बदललेलं नाही. ते काम आपण डमीवर करून घेतो: अर्ध्या किलोची, भुसा भरून शिवलेली कॅनव्हासची पिशवी. रक्तातल्या त्या ओढीला काम दिलं नाही तर ती स्वतःच काम शोधते, आणि ते काम म्हणजे ससा, मोर किंवा शेजाऱ्याची कोंबडी.

आधी शरीर पाहा

हट्टीपणाचं निदान करण्याआधी कुत्रा दुखण्यानं बेजार नाही ना ते बघा. पावसानंतर आपल्याकडे गोखरू आणि विलायती बाभळीचे काटे सगळीकडे असतात. पंज्यांच्या बोटांमध्ये अडकलेला काटा वरून दिसत नाही, बोटं फाकवून बघावी लागतात. लॅब्रेडोर पाण्यात खेळला असेल तर कान हुंगून पाहा. आंबूस वास येत असेल तर कान आतून सुजलेला असण्याची शक्यता आहे, आणि तसा कुत्रा शिट्टीला नीट दाद देत नाही. डमी उचलतो पण अर्ध्या वाटेत टाकतो, अशी वेगळी तक्रार असेल तर दात बघा. पिल्लाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात बदलतात, त्या दिवसांत तोंडात धरायला लावू नये. गोचिडांचा ताप हाही पावसाळ्यातलाच. कुत्रा मंद वाटत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या, शिकवणी नंतर.

सगळं ठीक असेल तर पुढे वाचा.

बिघाड कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं

बहुतेक मालक सांगतात, "बोलावलं की येत नाही." म्हणून ते महिनाभर "ये"ची तालीम करतात. बिस्किट, शाबासकी, पुन्हा "ये". घराच्या गच्चीवर तो शंभरपैकी शंभर वेळा येतो आणि माळावर पुन्हा जातो. कारण "येत नाही" हे नुसतं लक्षण आहे. खरं दुखणं त्याच्या आधी सुरू झालेलं असतं: तो न विचारता निघतो.

हे स्वतः तपासून बघा. रिकामं मैदान घ्या, आजूबाजूला जनावर नको. कुत्र्याला डाव्या पायाशी बसवा. गळपट्ट्याला हात लावू नका. डमी वीस-पंचवीस पावलांवर फेका आणि अर्धा मिनिट काहीही करू नका. बोलू नका, "थांब" म्हणू नका, हात वर करू नका.

माझ्याकडे "पूर्ण तयार" म्हणून आणलेले बहुतेक कुत्रे इथेच उठतात. मालक थक्क होतो, कारण कुत्रा दोन वर्षं डमी आणतोय आणि ही चाचणी त्यानं कधी घेतलेलीच नसते. त्याची पद्धत आठवून बघा: डमी हातातून सुटते त्याच क्षणी तोंडातून "आण" निघतं. कुत्र्याच्या दृष्टीनं इशारा कुठला झाला? डमीचं उडणं. "आण" हा शब्द त्यानं कधी कानावर घेतलाच नाही, त्याला त्याची गरजच पडली नाही. काहीतरी हवेत उडालं की पळायचं, हा धडा आपण हजार वेळा गिरवून घेतला. मग तितर उडाला आणि तो गेला, यात त्यानं चूक काय केली? शिकवलं तेच केलं.

जो इथे बसून राहतो त्याची पुढची परीक्षा घ्या. डमी दुसऱ्या माणसानं फेकावी, फेकताना तोंडानं "हुर्र" असा आवाज करावा. त्यातही टिकला तर त्याला डमीवर पाठवा आणि अर्ध्या वाटेत एक लांब शिट्टी द्या. तो वळून बसला पाहिजे. ही तिसरी पायरी अवघड आहे, आणि पहिल्या दोन पक्क्या नसताना ती घेऊ नका, नाहीतर शिट्टीची किंमत जाते.

आता तुम्हाला नेमकी जागा कळली. ज्या पायरीवर तो उठला, दुरुस्ती तिथून.

दुरुस्ती

दहा डमी फेका, त्यातल्या सात स्वतः चालत जाऊन उचलून आणा. कुत्रा बसून बघतो. उरलेल्या तीनवर त्याला पाठवा, तेही फेकल्यावर मनात दहापर्यंत मोजून, आणि त्याचं नाव घेऊन. कुठल्या तीनवर पाठवणार ते बदलत ठेवा. पहिले दोन-तीन दिवस तो कण्हेल, पुढचे पाय नाचवेल, तुमच्याकडे रागानं बघेल. चौथ्या-पाचव्या दिवशी एक बदल दिसतो, आणि मला या सगळ्या कामात तो क्षण सर्वात प्रिय आहे: डमी पडते, कुत्रा तिच्याकडे बघतो, आणि मग मान वळवून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. म्हणजे तो विचारतोय. इथून पुढे त्याला शिकवता येतं.

तो उठलाच तर ओरडू नका. दोरी असेल तर तो डमीपर्यंत पोहोचत नाही, बस. शांतपणे जागेवर आणून बसवा आणि ती डमी तुम्ही उचला. उठण्यानं काही मिळालं नाही, बसण्यानं मिळालं, एवढंच त्याला कळायला हवं. दोरी दहा मीटरची, सुती, गाठी नसलेली घ्या. ती गळपट्ट्याला बांधू नका, छातीच्या हार्नेसला बांधा. वेगात धावणाऱ्या कुत्र्याला गळ्यावर हिसका बसला तर मानेला कायमची इजा होऊ शकते.

शिट्टीबद्दल: एक लांब म्हणजे बस, बारीक-बारीक टिपटिप म्हणजे ये. एकदाच वाजवायची. पाच वेळा वाजवली तर पहिल्या चार ऐकायच्या नसतात हे तो शिकतो. नावाचंही तसंच. "शेरू, शेरू, अरे शेरू" असं माळभर ओरडणाऱ्या माणसाचा कुत्रा फक्त एवढंच समजतो की मालक मागेच आहे, काळजी नाही.

आणि परत आलेल्या कुत्र्याला मारायचं नाही. हे मी वाचून सांगत नाहीये. माझी पहिली लॅब्रेडोर चिमी तिघऱ्याजवळ नीलगायीमागे गेली होती. मी घाबरलो होतो, रस्ता जवळ होता, ट्रक जात होते. ती अर्ध्या तासानं जीभ लोंबत आली आणि मी पट्ट्यानं तिला दोन फटके दिले. त्यानंतर ती जायची तेव्हा जायचीच, फक्त परत आल्यावर माझ्यापासून पंधरा फुटांवर थांबायची. डमीसुद्धा तिथेच टाकायची. ते पंधरा फूट भरून काढायला मला दीड वर्ष लागलं. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ते दोन फटके मला अजून आठवतात.

शॉक कॉलरबद्दल विचारतात. माझं मत विरुद्ध आहे. ससा दिसत असताना झटका बसला तर कुत्रा तो झटका कशाशी जोडेल, सशाशी, त्या जागेशी की तुमच्याशी, हे तुमच्या हातात नसतं.

दर ऑक्टोबरला परत का येतं

याचं उत्तर कुत्र्यांवरच्या सर्वात प्रसिद्ध प्रयोगांत आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत असं दिसलं: संकेत देऊनही अन्न दिलं नाही तर कुत्र्याची लाळ सुटणं हळूहळू थांबतं. पण मध्ये काही काळ जाऊ दिला की तोच संकेत मिळताच लाळ पुन्हा सुटते. जुनी सवय पुसली गेलेली नसते, तिच्यावर नवी सवय चढलेली असते. नवी सवय वापरात राहिली नाही की जुनी खालून वर येते.

आता आपल्याकडचं वर्ष बघा. एप्रिलच्या मध्यापासून ऊन चढतं, मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो. कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळात 38 ते 39 अंश सेल्सिअस, अंगाला घाम जवळपास नाही, सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. उन्हात त्याला पळवणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून काम बंद. ते बरोबरच आहे. मग पाऊस, चिखल, गोचिडं. काम बंदच. ऑक्टोबर उजाडेपर्यंत सहा महिने झालेले असतात. आणि आपण थेट त्याला मोकळ्या रानात, पट्टा सोडून, पहिल्याच सकाळी नेतो, जिथे गवत उंच वाढलंय आणि प्रत्येक झुडपात काहीतरी बसलंय. वर त्या पहिल्या पाठलागात त्याला मिळणारा आनंद हेच बक्षीस असतं. तुमच्या खिशातलं कुठलंही बिस्किट त्याची बरोबरी करू शकत नाही. वर्षातून एकदा जरी ते बक्षीस मिळालं तरी तो पुढचं वर्षभर त्याची वाट बघतो.

म्हणून बंदच्या दिवसांतही काम पूर्ण थांबवू नका. पळण्याचं काम थांबवा, बसण्याचं चालू ठेवा. पहाटे पाचला गच्चीवर किंवा वाड्याच्या चौकात पाच मिनिटं पुरतात: चेंडू टाका, तो बसलेला, तुम्ही उचला. जेवणाचं भांडं ठेवा, तो बसलेला, नाव घेतल्यावरच उठायचं. मुलं पळतायत, तो बसलेला. पावसात घरातल्या ओसरीवर हेच. शिट्टीसुद्धा रोज एकदा, जेवणाआधी. पाऊस संपेपर्यंत नवी सवय झिजत नाही.

दुसरं कारण जागेचं. कुत्रा "बस" हा शब्द शिकतो तेव्हा त्यात ती जागा, ती वेळ, तुमचे ते बूट सगळं मिसळलेलं असतं. एकाच मैदानात तयार झालेला कुत्रा त्या मैदानातच तयार असतो. निदान पाच वेगळ्या जागा हव्यात: गच्ची, गल्लीचं टोक, मेळा नसताना मेळ्याचं मैदान, ओळखीच्या शेतकऱ्याचं कापणी झालेलं मोहरीचं शेत, आणि पाण्याचा काठ. जागा नवी असली की काम सोपं करा, दोरी लावा, अंतर कमी करा. जानेवारीत मोहरी कमरेएवढी उभी असते, त्यात कुत्रा दोन उड्यांत दिसेनासा होतो. तिथे नको. मार्चमध्ये शेतं मोकळी झाली की तीच जागा उत्तम.

दिवाळीचं राहिलं. हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचाच घोळ आहे. फटाक्यांच्या आठवड्यात शिकवणी ठेवू नका. घाबरलेला कुत्रा शिकत नाही, आणि शिट्टी व भीती यांची गाठ बसली तर ती सुटायला फार वेळ लागतो.

कारवानी, मुधोळ, रामपूर

यांच्याबाबतीत वर लिहिलेलं अर्धंच लागू पडतं. हे नजरेनं धावणारे कुत्रे. लॅब्रेडोरला आणून देण्यात समाधान आहे, यांना धावण्यातच आहे. पूर्ण वेगात गेलेल्या कारवानीला शिट्टी ऐकू येते की नाही याचीच मला शंका आहे, त्याचं सगळं डोकं डोळ्यांत उतरलेलं असतं. म्हणून त्याला वाटेत थांबवण्याची आशा धरू नका. काम सुटण्याआधीच्या दोन सेकंदांत आहे: कान उभे राहतात, मान ताणते, एक पाय किंचित उचलला जातो. त्या क्षणी तुमच्याकडे वळून बघितलं की लगेच बक्षीस, आणि यांच्यासाठी सर्वात मोठं बक्षीस म्हणजे धावणं. दोरीला बांधलेलं चामड्याचं फडकं जमिनीवरून सरसर ओढा आणि त्यामागे धावू द्या.

"देशी कुत्रे शिकत नाहीत" हे मी अनेकदा ऐकतो आणि मला वाईट वाटतं. आपल्या ग्वाल्हेरपासून जवळच, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र 1970 पासून आहे. तिथे रामपूर आणि मुधोळ हाउंडसुद्धा प्रशिक्षण घेऊन कामाला लागलेत. आपल्याला संयम कमी पडतो, जातीला दोष देऊ नये.

पूर्ण तयार कशाला म्हणायचं

काकांनी विचारलं होतं, "मग हा पूर्ण तयार कधी होणार?" लोकांना वाटतं लांबून आणतो, पाण्यातून आणतो, दोन-दोन डमी आणतो तो तयार. मी त्यांना अमेरिकन केनेल क्लबच्या रिट्रीव्हर, म्हणजे पडलेला पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांच्या, चाचण्यांचं उदाहरण दिलं. तिथे ज्युनिअर, सीनियर, मास्टर अशा पायऱ्या आहेत. ज्युनिअरला पक्षी पडताना कुत्र्याला गळपट्ट्यानं धरून ठेवायची मुभा असते. मास्टरला ती नाही. तिथे एकापाठोपाठ पडलेल्या पक्ष्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या, न पाहिलेला पक्षी शिट्टीवर आणि हाताच्या खुणेवर शोधायचा, आणि दुसरा कुत्रा काम करत असताना शेजारी गप्प बसायचं. ब्रिटनमधल्या रिट्रीव्हर ट्रायलमध्ये हुकुमाआधी सुटलेला किंवा कुंईकुंई करणारा कुत्रा तिथेच बाद होतो, आणेल कितीही छान. पक्षी चिरडणाराही बाद. त्यासाठी परीक्षक पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतात. पॉइंटरचं तेच: वरच्या पायरीवर पक्षी उडाला, बंदूक वाजली तरी जागचं हलायचं नाही.

म्हणजे अनुभवी लोकांनी जिथे जिथे हे मोजलंय तिथे कुत्रा काय करतो याइतकंच, काय करण्यापासून स्वतःला आवरतो हे मोजलंय. माझी कसोटी साधी आहे. अनोळखी जागा, दोरी नाही, दुसरा कुत्रा डमीवर धावतोय, आणि तुमचा कुत्रा बसून आधी त्याच्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतोय. अशा पाच वेगवेगळ्या सकाळी गेल्या की मी त्याला तयार म्हणतो. लॅब्रेडोरला त्यासाठी साधारण अडीच-तीन वर्षांचं वय यावं लागतं. दीड वर्षाचा कुत्रा "फुल ट्रेन्ड" म्हणून विकायला कुणी आणला तर पैसे देण्याआधी वरची अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या.

पुन्हा सुटलाच तर

पावसाळ्यानंतरचे पहिले तीन फेरफटके दोरीवर, मग कुत्रा कितीही शहाणा असो. तरी कधी हातातून निसटलाच, तर मागे धावू नका. मागे धावणारा मालक त्याला शिकारीतला साथीदार वाटतो. टिपटिप शिट्टी एकदा द्या आणि जिथून तो सुटला तिथेच उभे राहा. बहुतेक कुत्रे आपल्याच वासाच्या मागानं सुरुवातीच्या जागी परततात, आणि तिथे माणूस नसेल तर घाबरून भटकतात. अंधार पडू लागला आणि निघावंच लागलं तर अंगातला शर्ट किंवा पंचा तिथे ठेवा, पाण्याचं भांडं ठेवा, आणि पहाटे पहिल्या उजेडात परत या. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला असू द्या, आणि रेबीजची लस दिलेली असू द्या.

आला की पट्टा लावा, पाणी थोडं थोडं पाजा, पंजे तपासा. काही बोलू नका. त्या दिवशी काम नाही, सरळ घरी. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर बसवा, दहा डमी घ्या, आणि त्यातल्या दहाच्या दहा स्वतः उचलून आणा.